रानाचा रंग आणि मनाचा रंग
अभिव्यक्तिवादी निसर्गचित्रण व मुंबईतील त्याचा वारसा

मराठी भाषेने 'रंग' या शब्दाला जेवढे काम दिले आहे, तेवढे क्वचितच दुसऱ्या एखाद्या शब्दाला दिले असेल. गवताला रंग असतो, तसाच मैफलीलाही रंग चढतो. कार्याचा बेरंग होतो. गप्पा रंगतात आणि माणूस रंगात येतो. पंढरीच्या देवाला आपण पांडुरंग म्हणतो. पांडुर म्हणजे शुभ्र. मूर्ती मात्र काळीसावळी. डोळ्यांना जो काळा दिसतो, त्याला भक्त शतकानुशतके शुभ्र म्हणत आला आहे आणि त्यात काही विसंगती आहे असे कोणाला वाटलेले नाही. अशी भाषा बोलणाऱ्या समाजाला, चित्रातला रंग वस्तूचा असावा की मनाचा, हा प्रश्न वस्तुतः अवघड वाटू नये. परंतु आमच्या शाळांतून आणि आमच्या रसिकवर्गातून हा प्रश्न आजही अवघड होऊन बसला आहे. तांबड्या डोंगराचे किंवा हिरव्या आकाशाचे चित्र समोर आले की आपला सुशिक्षित वाचक पहिला प्रश्न विचारतो तो हाच की, 'असे कुठे असते काय?' या प्रश्नाचा थोडा इतिहास पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. या इतिहासाचा एक महत्त्वाचा अध्याय मुंबईत लिहिला गेला आहे.

आपल्या परंपरेने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी दिले होते. भरताच्या नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाला स्वतंत्र वर्ण नेमून दिला आहे. शृंगार श्याम, हास्य शुभ्र, करुण पारव्यासारखा करडा, रौद्र रक्तवर्ण, वीर गौर, भयानक कृष्ण, बीभत्स नील आणि अद्भुत पीत. ही वाटणी आज जशीच्या तशी कोणी स्वीकारावी असे आम्ही म्हणत नाही. परंतु रंग ही वस्तूच्या पृष्ठभागाची मालमत्ता नसून भावाचीही भाषा आहे, हे तत्त्व तीत स्पष्ट आहे. कामसूत्राचा टीकाकार यशोधर चित्रकलेची जी सहा अंगे सांगतो, ती रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग ही होत. या यादीत सादृश्य आहे, पण ते सहांपैकी एक आहे. भावाला आणि रंगाच्या योजनेला तेथे स्वतंत्र स्थान आहे. सादृश्य हेच चित्रकलेचे सर्वस्व, ही समजूत आपल्याकडे बरीच अलीकडे रुजली.

ती रुजण्याचे एक मोठे कारण म्हणजे मुंबईचे कलाशिक्षण. सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा १८५७ मध्ये सुरू झाली आणि बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ मध्ये स्थापन झाली. या संस्थांनी महाराष्ट्राला निसर्गचित्रणाची एक संपन्न परंपरा दिली, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. पारदर्शक जलरंगात घाट, नदीकाठ, देवळे आणि बाजार रंगविणारी एक पिढीच्या पिढी येथे तयार झाली. कोल्हापूरचे आबालाल रहिमान हे त्यांतले अग्रेसर नाव. कलाशाळेतले शिक्षण संपवून ते कोल्हापुरास परतले आणि रंकाळ्याच्या व कोटितीर्थाच्या परिसरात पाण्यावरचा प्रकाश न्याहाळत राहिले. त्यांच्या चित्रांतील हवा, ओल आणि वेळ यांचा प्रत्यय आजही थक्क करणारा आहे. परंतु या परंपरेची निष्ठा मुख्यतः डोळ्यांशी होती. सकाळ सकाळीसारखी आणि संध्याकाळ संध्याकाळीसारखी दिसली पाहिजे, हा तिचा दंडक होता. ती सकाळ पाहणाऱ्याच्या मनात काय चालले आहे, हे सांगण्याची जबाबदारी तिने रंगावर टाकली नव्हती.

युरोपात ही जबाबदारी रंगावर पडली ती १८८० नंतरच्या काळात. दृक्प्रत्ययवादी चित्रकारांनी रंगाला वस्तूपासून थोडे सोडविले होते. सावली काळी नसून निळी-जांभळी असते, हे त्यांनी दाखवून दिले; पण त्यांचा आधार अखेर दृष्टीचाच होता. व्हॅन गॉगने त्यापुढचे पाऊल टाकले. १८८८ मध्ये दक्षिण फ्रान्समधील आर्ल येथे त्याने पेरणी करणाऱ्या शेतकऱ्याचे चित्र काढले. त्यात नांगरलेली जमीन जांभळी आहे आणि आकाश पिवळे. जांभळा व पिवळा हे परस्परपूरक रंग. शेजारी ठेवले की एकमेकांना अधिक तीव्र करतात. ती जमीन तशी दिसत होती म्हणून त्याने जांभळी केली नाही. पेरणीतले अपार कष्ट आणि तिच्यातली श्रद्धा या दोहोंचा ताण दाखविण्यास त्याला तो रंगयोग हवा होता. पाच वर्षांनी, १८९३ मध्ये, नॉर्वेच्या एडव्हर्ड मुंकने रक्तासारख्या आकाशाखाली किंचाळणारी आकृती रंगविली. त्या चित्राला त्याने जर्मन भाषेत दिलेल्या नावाचा अर्थ 'निसर्गाची किंकाळी' असा होतो. किंकाळी माणसाची नव्हे, निसर्गाची! येथे निसर्ग ही माणसामागची पार्श्वभूमी राहिलेली नाही. भावनेचे तेच शरीर झाले आहे.

या बीजातून १९०५ नंतर अभिव्यक्तिवाद उभा राहिला. त्या वर्षी ड्रेस्डेन शहरात किर्शनेर, हेकेल, श्मिट-रोटलुफ आणि ब्लाइल या वास्तुकलेच्या चार विद्यार्थ्यांनी 'सेतू' या अर्थाच्या नावाचा आपला संघ स्थापन केला. त्याच वर्षी फ्रान्समध्ये मातिस आणि त्याच्या साथीदारांचा रंगभारवाद गाजत होता. १९०८ पासून कान्डिन्स्की, गाब्रिएले म्यूंटर प्रभृती चित्रकार बव्हेरियातील मुर्नाउ या गावी निसर्गचित्रे काढू लागले. निळे डोंगर, पिवळी घरे, गुलाबी रस्ते आणि काचचित्रासारख्या गडद बाह्यरेषा अशी ती चित्रे होती. १९११ मध्ये कान्डिन्स्की व फ्रान्त्स मार्क यांनी म्युनिकमध्ये 'निळा स्वार' या नावाने नवी चळवळ सुरू केली. मार्कचे निळे घोडे ज्या टेकड्यांपुढे उभे आहेत, त्या टेकड्या लाल आहेत. पुढे १९१६ मध्ये व्हर्दूनच्या रणांगणावर तो मारला गेला.

या चित्रकारांची रीत नेमकी काय होती, हे शिक्षकाने समजून घेण्याजोगे आहे. कारण ती स्वैर नव्हती. पहिली गोष्ट, त्यांनी वस्तूचा स्थानिक रंग सोडला, परंतु रंगांचे परस्परसंबंध सोडले नाहीत. एका भागात तांबडा आला की त्याला तोलणारा हिरवा किंवा निळा दुसरीकडे ठेवावाच लागतो. नाहीतर चित्र कोसळते. दुसरी, उष्ण रंग पुढे येतात व शीत रंग मागे सरतात, या नेहमीच्या अनुभवाचा त्यांनी उलटा उपयोग केला. दूरचा डोंगर तांबडा केला की तो पाहणाऱ्याच्या अंगावर येतो. अंतर नाहीसे होते आणि त्याबरोबर मनाची स्वस्थताही जाते. तिसरी, छायाप्रकाशाची क्रमिक उतरण टाकून त्यांनी सपाट रंगक्षेत्रे शेजारी-शेजारी ठेवली. चौथी, कुंचल्याचा फटकारा लपविला नाही. हाताचा वेग हाही भावाचा पुरावा मानला. म्हणजे व्याकरण तेच होते, बोलायचे मात्र दुसरे होते.

आता या कथेतील काळा भाग येतो. १८ जुलै १९३७ रोजी म्युनिकमधील नव्या कलाभवनाचे उद्घाटन करताना हिटलरने या चित्रकारांवर तोंडसुख घेतले. कुरणे निळी, आकाश हिरवे आणि ढग गंधकासारखे पिवळे पाहणाऱ्यांचा त्याने उपहास केला. अशा माणसांना खरोखरच तसे दिसत असेल तर हा दृष्टिदोष पुढच्या पिढीत उतरू नये म्हणून, आणि ते ढोंग करीत असतील तर गुन्हा म्हणून, शासनाने त्यांचा बंदोबस्त करावा, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. दुसऱ्याच दिवशी त्याच शहरात 'अधःपतित कला' या नावाचे कुप्रसिद्ध प्रदर्शन उघडले. त्यात सुमारे ६५० कलाकृती हेटाळणीसाठी मांडल्या होत्या आणि म्युनिकमध्ये सुमारे २० लाख लोक ते पाहून गेले. किर्शनेरची सहाशेहून अधिक चित्रे जर्मन संग्रहालयांतून जप्त झाली. १९३८ मध्ये त्याने आत्महत्या केली. एमिल नोल्डे तर स्वतः नाझी पक्षाचा सभासद. तरीही त्याच्या हजारावर कलाकृती काढून घेण्यात आल्या. गवत कोणत्या रंगाचे असावे, हा प्रश्न शासनाच्या अखत्यारीत गेला की काय होते, याचे याहून बोलके उदाहरण इतिहासात सापडणे कठीण. 'असे कुठे असते काय?' हा आपला साधा प्रश्न निरागस असतो, यात शंका नाही. परंतु त्याच प्रश्नाच्या हाती दंडशक्ती आली तेव्हा तो कोठवर गेला, हे विसरून चालणार नाही.

या छळामुळे जी माणसे देशोधडीला लागली, त्यांपैकी काही मुंबईच्या बंदरात उतरली. जर्मन अभिव्यक्तिवादाशी भारताची ओळख त्यापूर्वीच झाली होती. १९२२ च्या डिसेंबरात कलकत्त्यात बाउहाउसच्या कलावंतांचे प्रदर्शन भरले होते आणि त्यात कान्डिन्स्की व क्ले यांच्या कलाकृती होत्या. पण मुंबईत आली ती नुसती चित्रे नव्हेत, माणसे आली. रूडॉल्फ फॉन लायडेन १९३३ मध्येच आले होते. भूगर्भशास्त्राचा हा पदवीधर पुढे मुंबईतील प्रभावी कलासमीक्षक झाला. ऑस्ट्रिया नाझींच्या घशात गेल्याच्या सुमारास व्हिएन्नाहून वॉल्टर लँगहॅमर हे चित्रकार आले आणि 'टाइम्स ऑफ इंडिया'चे कलासंचालक झाले. व्हिएन्नाचेच इमॅन्युएल श्लेसिंगर यांनी येथे उद्योग उभारला आणि तरुण भारतीय चित्रकारांची चित्रे विकत घेण्यास प्रारंभ केला. नेपियन सी रोडवरील लँगहॅमर यांच्या घरी तरुण चित्रकार जमत. आधुनिक युरोपीय चित्रांच्या प्रतिकृती त्यांना तेथे पाहावयास मिळत आणि त्यांवर चर्चा होई. ज्या रंगांना जर्मनीत शिक्षा झाली, त्यांना मुंबईने ओसरी दिली, असे म्हणावयास हरकत नाही.

१९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची स्थापना झाली. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे हे तिचे सहा संस्थापक. मराठी वाचकाने ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, मर्ढेकरांचा 'काही कविता' हा संग्रह याच वर्षी, याच शहरात प्रसिद्ध झाला. आपल्या साहित्यचर्चेत मर्ढेकरांना जे स्थान मिळाले, त्याच्या शतांश लक्षही त्यांच्या शेजारी चाललेल्या या चित्रमय उलथापालथीकडे गेले नाही. मुंबईत ७ जुलै १९४९ रोजी या गटाच्या प्रदर्शनाचे उद्घाटन मुल्कराज आनंद यांनी केले.

या सहांत निसर्गचित्राशी सर्वांत घट्ट नाते जडले ते रझा आणि गाडे यांचे. सय्यद हैदर रझा यांचा जन्म १९२२ चा, आताच्या मध्य प्रदेशातील बाबरिया येथला, वडील वनखात्यात. नागपूरच्या कलाशाळेत शिकून ते मुंबईत आले. त्यांच्या प्रारंभीच्या चित्रांत मुंबईचे रस्ते आणि पावसाळा आहे. ते रस्ते ओळखू येतात, पण रंग वाहत्या पाण्यासारखे एकमेकांत घुसतात आणि शहर वितळल्यासारखे वाटते. १९४८ मध्ये ते काश्मीरला गेले. आदल्या वर्षीच्या हल्ल्याने उद्ध्वस्त झालेल्या बारामुल्ला गावाचे चित्र त्यांनी काढले. याच प्रवासात फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ त्यांना भेटला. चित्रांत प्रतिभा आहे, परंतु बांधणी नाही, सेझानचा अभ्यास करा, असे त्याने सांगितले. रझा यांनी ते मनावर घेतले. १९५० मध्ये ते फ्रान्सला गेले, आणि तेथील खेडी व चर्चे रंगविताना त्यांनी बांधणी आणि भाव यांचा मेळ घातला. पुढे खेड्यांची घरे विरघळत गेली आणि मातीचा, रात्रीचा, अरण्याचा नुसता रंग उरला. त्या तांबड्या-काळ्या रंगांत मध्य प्रांतातील बालपणीचे जंगल आहे, असे ते स्वतःच सांगत. २०१६ मध्ये त्यांचा देहान्त झाला आणि मंडला येथे, नर्मदेच्या प्रदेशात, वडिलांच्या कबरीशेजारी त्यांना विसावा मिळाला.

हरि अंबादास गाडे यांचे नाव मात्र आमच्या शिक्षकबंधूंपैकी किती जणांनी ऐकले असेल? १९१७ मध्ये अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर येथे जन्मलेला हा वैदर्भी चित्रकार मूळचा विज्ञानाचा विद्यार्थी. त्यांच्या निसर्गचित्रांत घरांचे समूह साध्या भौमितिक आकारांत उतरतात आणि ते आकार रंगांच्या आघाताने जिवंत होतात. वैदर्भी उन्हाळा ज्याने अनुभवला आहे, त्याला त्या तापलेल्या पिवळ्याचा आणि तांबड्याचा अर्थ वेगळा सांगावा लागू नये. सूझा व रझा परदेशी गेले, हुसेन देशभर गाजले. गाडे मागे राहिले आणि २००१ मध्ये निवर्तले. सहा संस्थापकांतील हा मराठी निसर्गचित्रकार मराठी नियतकालिकांतून इतका अनुल्लेखित राहावा, ही गोष्ट आमच्या वाङ्मयीन जगाला भूषणावह नाही.

फ्रान्सिस न्यूटन सूझा यांचे उदाहरण याहून निराळे आहे. गोव्यातील साळगाव येथे १९२४ मध्ये जन्मलेल्या या चित्रकाराने शहरांची आणि चर्चांची निसर्गचित्रे जाड काळ्या रेषांत जखडून टाकली. त्यांच्या चित्रांतील घरे भूकंपात सापडल्यासारखी कलतात. आणि १९६० नंतरच्या काही वर्षांत त्यांनी काळ्यावर काळा रंग लावून चित्रे काढली. रंगलेपाच्या उंचसखलपणावर प्रकाश तिरपा पडला तरच त्यांतले दृश्य उमगते. रंगाचा भावपूर्ण उपयोग म्हणजे रंगांची उधळण, असा जो समज आहे, तो या चित्रांपुढे टिकत नाही.

येथे दोन आक्षेपांचा विचार करणे प्राप्त आहे. पहिला असा की, ही सर्व उसनवारी आहे. परदेशी वादाची नक्कल आहे. प्रभाव होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु पारदर्शक जलरंगातील जी निसर्गचित्रणाची रीत आपण आज 'आपली' म्हणतो, तीही विलायतेहूनच आली होती. उसने काय घेतले यापेक्षा त्यातून काय पिकविले, हा प्रश्न महत्त्वाचा. रसांना वर्ण देणाऱ्या परंपरेच्या दृष्टीने पाहिले तर लँगहॅमर यांच्या घरी रझा-गाडे यांना जे मिळाले, ते पूर्णतः परके नव्हते. विसरलेल्या घरातलेच काही दुसऱ्या दाराने परत आले होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. डोंगर तांबडाही चालतो आणि निळाही चालतो, तर चांगल्या-वाईटाची कसोटी कोणती? या बाबतीत मर्ढेकरांची 'भावनानिष्ठ समतानता' ही कल्पना आम्हांस उपयोगी वाटते. दोन गोष्टींत दृश्य साम्य नसेल, पण त्या मनात एकाच जातीचा भावनिक प्रतिसाद उत्पन्न करीत असतील, तर त्यांची जोडणी काव्यात सार्थ ठरते. हेच चित्राला लावावे. डोंगर तांबडा का, याचे उत्तर बाहेरच्या डोंगरात मिळाले नाही तरी चित्राच्या उरलेल्या भागात मिळाले पाहिजे. तो तांबडा पुसून तेथे हिरवा कल्पून पाहावा. चित्राचे काहीच बिघडत नसेल तर तो रंग लहरीचा होता. सगळे चित्र गप्प होत असेल तर तो रंग अपरिहार्य होता. सादृश्याच्या कसोटीपेक्षा ही कसोटी सोपी नाही. उलट तीच अधिक कठोर आहे. कारण सादृश्य तपासायला खिडकीबाहेर पाहणे पुरते, हिच्यासाठी संपूर्ण चित्रापुढे थांबावे लागते.

आम्ही ज्या प्रदेशात अध्यापन करतो, त्या दादरा व नगर हवेलीतील मसाटच्या आसपासचा मुलूख रंगांच्या बाबतीत मोठा शिक्षक आहे. फाल्गुनात पळस पेटतो. वैशाखात राब भाजला की वावरे काळी पडतात आणि पहिल्या पावसानंतर त्याच काळ्यातून भाताच्या रोपांचा डोळ्यांना न सोसणारा पोपटी रंग वर येतो. शेजारीच औद्योगिक वसाहतीची राखी पत्र्यांची छपरे आहेत. आणि वारली पाड्यांतील भिंतींवर परंपरेने दोनच रंग असतात, गेरूचा तांबडा आणि तांदळाच्या पिठाचा पांढरा. लग्नाच्या वेळी सवाशिणी चौक लिहितात. त्यात झाडे, डोंगर, सूर्य, माणसे, जनावरे सारे काही असते, पण कशालाच स्वतःचा 'खरा' रंग नसतो. जिव्या सोमा मशे यांनी (१९३४-२०१८) ही भाषा जगापुढे नेली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वारली चित्राला अभिव्यक्तिवाद म्हणणे चुकीचे होईल. ते व्यक्तीच्या अस्वस्थतेचे चित्र नव्हे, समूहाच्या मंगलाचे आहे. पण तांबड्या भिंतीवरच्या पांढऱ्या झाडाला पाहून 'असे कुठे असते काय?' असे त्या पाड्यावरचे कोणी विचारीत नाही, एवढे मात्र खरे.

ज्या घरी झाड पांढरे असू शकते, त्या घरचे मूल शाळेत येते आणि तेथे त्याला सांगितले जाते की झाड हिरवेच रंगव. येथे प्रश्न केवळ चित्रकलेच्या तासाचा राहत नाही. रंग चुकला म्हणून मूल वहीवरची लाल खूण पाहते, तेव्हा आपण पाहिलेले व भोगलेले सांगण्यास आपल्याला परवानगी नाही, असा धडा ते शिकते. सादृश्य शिकवू नये असे आमचे म्हणणे नाही. किर्शनेरला, रझांना, गाड्यांना काटेकोर रेखन येत होते. ज्याला यमक-वृत्त येते त्यानेच मुक्तछंदाची वाट धरावी, तसेच हे आहे. आमचे मागणे एवढेच की, तांबडा डोंगर समोर आल्यावर शिक्षकाने खूण करण्यापूर्वी 'हा तांबडा का?' असे विचारावे आणि उत्तर ऐकून घ्यावे. 'लक्ष नव्हते' असे उत्तर आले तर दुरुस्ती करावी. 'वणवा लागला होता, आम्ही रात्रभर जागे होतो' असे उत्तर आले, तर तो डोंगर तसाच राहू द्यावा.